चित्राच्या दुभाष्यांची बखर

इ. स. १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला, त्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेथे हजर होता. त्याच्या बरोबर नारायण शेणवी नावाचा एक दुभाष्या होता. ऑक्झिंडनचे नाव शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. शेणव्यांची आठवण अभ्यासकांखेरीज कोणी काढीत नाही. वास्तविक दोन्ही बाजूंचे बोलणे ज्याच्या जिभेवरून ये-जा करीत होते तो हाच गृहस्थ. त्याने एखादा शब्द इकडचा तिकडे केला असता तर तहाच्या कलमांचे काय झाले असते, ह्याचा विचार करून पाहावा. पण दुभाष्याचे दैवच असे असते. काम सुरळीत चालले तर तो दिसत नाही, आणि दिसू लागला तर समजावे की काहीतरी बिनसले आहे.

आज ज्या दुभाष्यांची हकीकत मी सांगणार आहे ते हाडामांसाचे नाहीत. ते संगणकाच्या पोटात राहतात. त्यांना इंग्रजीत ‘ड्रायव्हर’ म्हणतात, आणि मराठीतही आपण तेच म्हणतो. संगणकाला जोडलेले प्रत्येक यंत्र, मग तो छापखाना असो, ध्वनीचे कार्ड असो वा चित्राचे, आपलीच एक बोली बोलत असते. विंडोजसारख्या मुख्य कारभाऱ्याला ती बोली येत नाही. मध्ये हा ड्रायव्हर उभा राहतो, कारभाऱ्याचा हुकूम यंत्राला कळेल अशा भाषेत सांगतो आणि यंत्राचे उत्तर परत आणतो. ह्यांपैकी ज्याने मराठी मध्यमवर्गाच्या घरात एके काळी सर्वांत अधिक मनस्ताप दिला, तो टीव्ही ट्यूनर कार्डाचा ड्रायव्हर. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी संगणक होता त्यांना हे वाचताच ते पिवळे उद्गारचिन्ह आठवेल. बाकीच्यांनी थोडा धीर धरावा. गोष्ट दिसते तितकी रूक्ष नाही.

टीव्ही ट्यूनर कार्ड म्हणजे काय, तर तळहातापेक्षा थोडी मोठी अशी एक हिरवी पट्टी. तिच्यावर एका टोकाला जस्ताच्या पत्र्याची डबी; त्या डबीत केबलची तार खुपसावयाची. पट्टी संगणकाच्या खाचेत बसवली की संगणकाच्या पडद्यावर दूरदर्शन दिसू लागे. एका पडद्यात दोन कामे, शिवाय आवडता कार्यक्रम संगणकात साठवूनही ठेवता येई. दुसरा टीव्ही घेण्याची ऐपत नसलेल्या, किंवा ऐपत असूनही हात आखडता घेणाऱ्या आमच्यासारख्या घरांना हा सौदा फारच किफायतीचा वाटला.

हे शक्य कसे झाले हे समजण्यासाठी एक लहानसे गणित करू. आपल्या पद्धतीच्या दूरचित्राच्या एका चौकटीत संगणकाच्या हिशेबाने आडवे ७६८ आणि उभे ५७६ ठिपके मावतात. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, आणि सेकंदाला २५ चौकटी. गुणाकार केला म्हणजे सेकंदाला सुमारे २ कोटी २१ लाख बाइट होतात. जुन्या संगणकांतील आय. एस. ए. नावाच्या मार्गिकेला हा लोंढा पेलण्यासारखा नव्हता. अरुंद बोळातून लग्नाची वरात न्यावी तसा तो प्रकार. १९९२ साली इंटेल कंपनीने पी. सी. आय. ही नवी मार्गिका पुढे आणली. तिची क्षमता कागदोपत्री सेकंदाला १३ कोटी ३० लाख बाइट. बोळाचा हमरस्ता झाला.

ह्या रस्त्यावर वरात काढली ती ब्रुकट्री नावाच्या अमेरिकन कंपनीने. तिने नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ‘बीटी ८४८’ नावाची एक चिप काढली. ही चिप दूरदर्शनची लहर घेऊन तिचे आकडे करी, आणि मुख्य प्रोसेसरला तसदी न देता ते आकडे थेट स्मृतीत किंवा पडद्याच्या कार्डात नेऊन टाकी. एकाच चिपमध्ये एवढे काम होऊ लागल्यामुळे कार्ड स्वस्त झाले. १९९६ साली ब्रुकट्री ही कंपनी रॉकवेलने विकत घेतली, आणि १९९९ साली रॉकवेलचा तो विभाग वेगळा होऊन कोनेक्संट ह्या नावाने वावरू लागला. मधल्या काळात ‘८४८’ ची धाकटी बहीण ‘८७८’ बाजारात आली होती. अमेरिकेतील लाँग आयलंडवर हॉपॉग नावाचे एक गाव आहे. त्याच गावाचे नाव घेतलेल्या कंपनीची ‘विनटीव्ही’ कार्डे ह्याच चिपवर उभी राहिली. पण खरी गंमत पुढे आहे. चिप विकणारी कंपनी चिपबरोबर कार्डाचा एक नमुना नकाशाही देत असे. तो नकाशा पुढे ठेवून तैवानात आणि इतरत्र कितीतरी कारखान्यांनी आपापली कार्डे काढली. खोका वेगळा, नाव वेगळे, आत मात्र तीच चिप.

आता वाचक म्हणतील, चिप तीच असेल तर ड्रायव्हरही एकच पुरावा. माझीही तशीच समजूत होती, आणि त्याच समजुतीपायी मी एक रात्र वाया घालवली.

चिप एक असली तरी तिच्याभोवतीचे सामान प्रत्येकाने आपल्या मर्जीने जोडले होते. चित्र चिपमध्येच तयार होई, त्यामुळे ते सर्वांचे सारखे. आवाजाचे तसे नाही. ट्यूनरचा आवाज घ्यावयाचा की बाहेरून आलेल्या तारेचा, की तोंड बंद ठेवावयाचे, हे ठरवणारी एक खटकी कार्डावर असे. आणि ती खटकी चिपच्या काही मोकळ्या पायांना जोडलेली असे. कोणत्या पायाला जोडावी ह्याचा नियम नव्हता. एका कारखान्याने तिसऱ्या पायाला जोडली, दुसऱ्याने चौथ्याला. रिमोटची बटणेही अशाच मोकळ्या पायांतून वाचली जात. सबब, एका कार्डाचा ड्रायव्हर दुसऱ्या कार्डाला लावला तर चित्र ठणठणीत येई आणि आवाजाचा पत्ता नसे.

त्यातही ‘८४८’ वर बांधलेल्या कार्डांना आपण कोणत्या कारखान्याचे हे संगणकाला सांगण्याची सोयच नव्हती. संगणकाने विचारावे, “तू कोण?” तर उत्तर येई, “मी ब्रुकट्रीची चिप.” घराणे नाही, गाव नाही. ‘८७८’ मध्ये ही ओळख साठवण्याची सोय झाली. पण ती ओळख ज्या लहानशा स्मृतिचिपेत लिहावयाची ती चार पैसे वाचवण्यासाठी स्वस्त कार्डांवर बसवलीच जात नसे. एक पैलू आणखी सांगितला पाहिजे. त्याच खोक्यात, त्याच नावाने, वर्षभराने निराळे सामान लावलेले कार्ड मिळे. दुकानदारालाही त्याची खबर नसे.

चिपेचा हा गोंधळ थोडा होता म्हणून की काय, त्यात देशोदेशींच्या पद्धतींची भर पडली. अमेरिकेने १९५३ च्या डिसेंबरात रंगीत दूरदर्शनची एन. टी. एस. सी. ही पद्धत मंजूर केली. तिच्यात ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चौकटी. लहरीत थोडा बिघाड झाला की रंग पालटत, माणसांचे चेहरे कधी हिरवट तर कधी जांभळट दिसत. त्यामुळे तंत्रज्ञ मंडळी त्या आद्याक्षरांचा ‘एकच रंग दुसऱ्यांदा नाही’ असा थट्टेचा विग्रह करीत. ह्यावर जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीचा वाल्टर ब्रुख ह्याने तोड काढली आणि १९६३ च्या जानेवारीत हानोव्हर येथे ती दाखवली. रंगाच्या लहरीची एक बाजू त्याने एका आड एका रेषेत उलटी केली. म्हणजे एका रेषेत झालेली चूक पुढच्या रेषेतील उलट्या चुकीने फिटून जाते. युक्ती इतकी साधी की ऐकल्यावर वाटते, ही आपल्यालाही सुचली असती. हीच पाल पद्धत. फ्रान्सने अर्थात आपली तिसरी चूल मांडली; तिचे नाव सेकाम.

आपल्याकडे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरदर्शन सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले, आणि पुढे सिंहगडावर मनोरा उभा राहून पुण्याच्या गच्च्यांवर अँटेनांचे रान माजले. रंग आले १९८२ साली, आशियाई खेळांच्या निमित्ताने, आणि ते पाल पद्धतीचे. पण नुसते पाल म्हणून भागत नाही. चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर किती अंतरावर ठेवावयाची, ह्यावरून पालमध्येही पोटजाती आहेत. आपल्याकडे ते अंतर साडेपाच मेगाहर्ट्‌झ. ब्रिटन आणि हाँगकाँग येथे सहा. चीनमध्ये साडेसहा. अमेरिकेच्या पद्धतीत साडेचार. मेगाहर्ट्‌झ म्हणजे काय हे सोडून द्या. एवढेच ध्यानात ठेवा की अंतर चुकले तर चित्र येते आणि वक्ता मुका होतो.

विंडोजमध्ये हे सर्व ठरवण्याची किल्ली गमतीची होती. कोणत्या देशाची पद्धत आणि कोणत्या देशाचे वाहिन्यांचे कोष्टक, हे ट्यूनरला सांगावयाचे ते त्या देशाच्या टेलिफोनच्या आकड्याने. भारताचा ९१, अमेरिकेचा १. आमच्या संगणकावर पहिल्या दिवशी तो १ होता, आणि म्हणून आमच्या बैठकीत पहिल्यांदा अवतरलेले चित्र काळे-पांढरे, वर-खाली घरंगळणारे आणि मुके असे होते. आई म्हणाली, “अरे, ह्यापेक्षा जुना टीव्ही बरा होता.” एकाचे एक्याण्णव करताच चित्र स्थिरावले, रंगले, बोलू लागले. तो सन २००० चा दसरा. कार्ड आणले होते तपकीर गल्लीतून. दुकानदार म्हणाला होता, “साहेब, सीडी टाका, पुढे-पुढे-पुढे दाबा, झाले.” आणि खरोखरच तसे झाले होते. तेव्हा आमच्याकडे विंडोज ९८ होते.

ह्यापुढचा भाग कळण्यासाठी विंडोजच्या घराण्यातील एक वाटणी सांगणे प्राप्त आहे. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ‘व्हिडिओ फॉर विंडोज’ काढले, आणि चित्र पकडणाऱ्या कार्डांचे ड्रायव्हर बरीच वर्षे त्याच घडणीवर लिहिले जात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये हे ड्रायव्हर ‘व्ही. एक्स. डी.’ नावाच्या साच्यात बसत. ९८ बरोबर ‘डब्ल्यू. डी. एम.’ हा नवा साचा आला. पण जुना चालत असताना नवा कोण शिवतो? स्वस्त कार्डांचे कारखाने जुन्यावरच भागवीत राहिले. मग २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आले. हे ९८ चे पुढचे भावंड आहे असे सर्वांना वाटले, परंतु ते वास्तविक एन. टी. ह्या दुसऱ्या शाखेतले दत्तक होते, आणि त्या शाखेत व्ही. एक्स. डी. साच्याला प्रवेशच नव्हता. राज्य बदलले आणि जुन्या दरबारचे सारे दुभाषे एका दिवसात बेकार झाले.

आमच्या घरी हे राज्यांतर २००३ च्या मार्च महिन्यात झाले. मुहूर्त मी निवडला, आणि तो इतका वाईट निवडला की अजूनही त्याबद्दल मला बोलणी बसतात. त्या महिन्यात दक्षिण आफ्रिकेत क्रिकेटचा विश्वचषक चालू होता, आणि भारत अंतिम फेरीत पोहोचला होता. बैठकीतल्या टीव्हीची चित्रनळी त्याच आठवड्यात गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नुकतेच आजारातून उठले होते. शेजाऱ्यांकडे जाऊन बसण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. मी छातीठोकपणे सांगितले, “अण्णा, काळजी करू नका. सामना संगणकावर पाहू.” आणि शनिवारी रात्री, म्हणजे २२ तारखेला, कार्डाची जुनी सीडी एक्सपीला देऊन पाहिली. एक्सपीने ती ओळखली नाही.

तेव्हाचे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून चालणारे. ड्रायव्हरची फाइल सहा-सात मेगाबाइटची, आणि मधेच कोणाचा फोन आला की पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या खेपेस आत्याचा फोन आला. दुसऱ्या खेपेस बराच वेळ गेला. पण फाइल उतरली. बसवू लागताच एक्सपीने ताकीद दिली की हा ड्रायव्हर आमच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला नाही. कारखान्याच्या माहितीपत्रकातच लिहिले होते की ही ताकीद मनावर न घेता पुढे जावे! मी पुढे गेलो. संगणक बंद करून चालू केला. पडदा निळा. ड्रायव्हर हा कारभाऱ्याच्या अगदी माजघरात वावरतो, त्यामुळे त्याचा पाय घसरला तर एकटा पडत नाही, घराला घेऊन पडतो. सुरक्षित अवस्थेत संगणक उघडून तो काढला, कार्ड एका खाचेतून दुसऱ्या खाचेत हलवले, जुन्या ड्रायव्हरची कुठे कुठे दडून राहिलेली पिल्ले शोधून पुसली, पुन्हा बसवला. पिवळे उद्गारचिन्ह गेले. चित्र आले. रात्रीचे अडीच वाजले होते.

आवाज आला नाही. हा ड्रायव्हर त्याच नावाच्या, पण पुढच्या वर्षाच्या कार्डाचा होता आणि आवाजाची खटकी त्यात दुसऱ्या पायाला जोडलेली होती, हे मला पुष्कळ नंतर समजले. त्या रात्री मी फक्त आवाजाची दांडी वर-खाली करीत बसलो होतो.

रविवारी दुपारी अण्णांनी परिस्थिती पाहिली, काही बोलले नाहीत, आणि कपाटावरचा ट्रान्झिस्टर काढून संगणकाशेजारी ठेवला. चित्र ह्याचे, आवाज त्याचे. पण केबलचे चित्र उपग्रहाची वळणे घेत येत होते आणि रेडिओ त्याच्या पुढे धावत होता. त्यामुळे गोलंदाजाने धाव घेण्यापूर्वीच चौकार लागल्याचे आम्हांला कळे. पाँटिंगने नाबाद १४० काढले, ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ केल्या, आणि आपण २३४ धावांत आटोपलो. अण्णा म्हणाले, “वाईट बातमी आधी कळली की चित्र बघायला धीर येतो.” टोमणा होता की सांत्वन, हे मी त्यांना विचारले नाही.

आता ह्या बखरीतील ज्या प्रकरणाविषयी मला खरोखरीचा आदर आहे, तिकडे वळतो.

ब्रुकट्रीच्या चिपेचे तपशीलवार माहितीपुस्तक लोकांना उपलब्ध होते. त्याच्या आधारे राल्फ मेट्झलर ह्याने लिनक्स ह्या मुक्त प्रणालीसाठी नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात एक ड्रायव्हर लिहिला. त्याचे नाव ‘बीटीटीव्ही’. पुढे गेर्ड नॉर ह्याने तो पुष्कळ वर्षे सांभाळला. ह्या मंडळींसमोर तोच प्रश्न होता: चिप एक, कार्डे शेकडो, आणि कोणत्या कार्डाची खटकी कोणत्या पायाला हे कारखाने सांगत नाहीत. त्यांनी उपाय काढला तो आपल्या कुलवृत्तांतकारांचा. आपल्याकडे एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत करावयाचा म्हणजे गावोगावच्या भाऊबंदांना पत्रे घालावयाची, आणि जो जे कळवील ते नोंदवीत जावयाचे. तसेच येथे झाले. कोणी आपले कार्ड बाहेर काढून भिंगाखाली धरी, चिपांवरचे आकडे उतरवून घेई, पायांची उलटापालट करून आवाज कशाने येतो ते शोधी आणि कळवी. यादी वाढत गेली. शून्य क्रमांक अनोळखी कार्डाचा, मग एकामागून एक. अखेर ती दीडशेच्या पलीकडे गेली. पत्र्याच्या डबीची यादी निराळी. फिलिप्सची ‘एफ. आय. १२१६’ ही आपल्या पद्धतीची डबी, तिचा क्रमांक पाच. अमेरिकन पद्धतीची ‘१२३६’, तिचा दोन. काही संगणकांच्या मूळ पाटीतच दोष होते, तेव्हा ते सांभाळून घेणारे दोन जादा शब्दही ड्रायव्हरला शिकवून ठेवले होते. कारखान्यांनी स्वतःच्या मालाची लिहिली नाही इतकी बारकाईची वंशावळ परक्यांनी लिहिली, आणि तीही बिनमोल. आमच्या इतिहास संशोधनात इतकी शिस्त असती तर पुष्कळ वाद वाचले असते, पण तो विषय निराळा.

ह्याच यादीचा आधार घेऊन हौशी मंडळींनी विंडोजसाठीही एक मोफत ड्रायव्हर केला होता. २००३ च्या पावसाळ्यात तो माझ्या हाती लागला. त्यात कार्डांची लांबलचक यादी होती. एकेक नाव निवडून पाहावयाचे. सतराव्या की अठराव्या नावाला बातमीदार एकदम बोलू लागला, आणि अण्णा दचकून जागे झाले.

त्यानंतर ते कार्ड तीन-चार वर्षे नांदले. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आले. त्याच्या ६४ बिटांच्या आवृत्तीत नियम असा झाला की सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र नसलेला ड्रायव्हर माजघरात शिरणारच नाही. ‘तरीही पुढे जा’ हे बटणच गेले. नियमामागचा हेतू वाईट नव्हता. निळ्या पडद्यांना आणि घुसखोरांना आळा बसावयास हवाच होता. पण जुन्या कार्डांसाठी नवा ड्रायव्हर लिहून त्यावर शिक्का घेण्यात कारखान्यांना काय लाभ? काही कारखाने तोवर मिटलेही होते. दुभाष्याला नव्या दरबाराचा परवाना मिळाला नाही आणि ज्याच्यासाठी तो बोलत होता ते यंत्र धडधाकट असून मुके झाले. नवा संगणक आला, कार्ड जुन्याच संगणकात राहिले, आणि तो संगणक माळ्यावर गेला. मग केबलच डिजिटल झाली. मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पुण्यात २०१३ मध्ये घरोघर सेट-टॉप बॉक्स आले. तारेतून साध्या लहरी येईनाशा झाल्या. अमेरिकेतील मोठ्या प्रक्षेपण केंद्रांनी त्या २००९ च्या जूनमध्येच बंद केल्या होत्या. २०१५ मध्ये विंडोज १० आले, त्यात दूरदर्शन पाहण्याची मीडिया सेंटर ही सोयही उरली नाही. बखर येथे संपावयास हरकत नव्हती.

अण्णा २००९ मध्ये गेले. त्यांचा आवाज आमच्याजवळ एकाच ठिकाणी होता: ताईच्या लग्नाच्या, १९९१ च्या व्हीएचएस टेपेत. त्यात त्यांनी मंगलाष्टक म्हटले आहे, स्वतः रचलेले, फार चांगले नाही. गेल्या पावसाळ्यात आई म्हणाली, “त्या टेपेला बुरशी लागली असेल. बघ तरी.” टेपेच्या कडेला पांढरे दिसू लागलेच होते. व्हीसीआर मामांनी जहाजावर असताना हाँगकाँगहून आणलेला; त्याची चित्र-ध्वनीची खोबणी गंजून गेली होती, अँटेनाची तेवढी शाबूत होती. म्हणजे चित्र बाहेर काढावयाचे तर दूरदर्शनच्या लहरीनेच काढावयाचे, आणि ती लहर समजणारे यंत्र घरात एकच होते.

माळ्यावरून संगणक उतरवला. कार्डावरची धूळ ब्रशाने झाडली. विंडोजच्या वाटेला गेलोच नाही, लिनक्स बसवले. बीटीटीव्ही अजून जिवंत आहे काय, अशी मला धास्ती होती. चौकशी करता कळले की तो ज्या जुन्या पायावर उभा होता तो पायाच लिनक्समधून काढून टाकण्याचे ठरले होते आणि त्याबरोबर हाही गेला असता. पण २०२३ मध्ये कोणी तरी मेहनतीने त्याला उचलून नव्या पायावर आणून ठेवले. जगात ही कार्डे वापरणारे असे किती उरले असतील? तरीही.

ओळखपत्र नसलेले कार्ड. ड्रायव्हरने त्याला शून्य क्रमांक दिला. मी भिंग घेऊन डबीवरचा आकडा वाचला, ‘एफ. आय. १२१६’, आणि पाच लिहिले. कार्डाचा क्रमांक यादीतून शोधण्यात तास गेला, पण ह्या खेपेस मला कळत होते की आपण काय शोधतो आहो. टेप घातली, वाहिनी लावली. मांडव दिसला, ताई दिसली, अक्षता दिसल्या. अण्णा पुढे आले, हातात कागद धरला आणि त्यांचे ओठ हलू लागले.

आवाज नाही.

मी पुन्हा खटक्यांच्या मागे लागलो. दुसरे कार्ड, तिसरे कार्ड. आई मागे खुर्चीत बसून होती. तिला ह्यातले काही कळत नाही असे मी पंचवीस वर्षे धरून चाललो आहे. ती म्हणाली, “मामा व्हीसीआर घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, पाठीमागे एक खिटी आहे, ती हाँगकाँगची आहे, इथं लागणार नाही. तुम्ही दुसऱ्या तारेने जोडलात, म्हणून कधी हात लावला नाही.”

व्हीसीआर फिरवून पाहिला. खाली कोपऱ्यात नखाएवढी खिटी होती. एका बाजूला ‘आय’, दुसऱ्या बाजूला ‘जी’. ती ‘आय’वर होती. म्हणजे आवाज सहावर निघत होता आणि आमची डबी साडेपाचावर कान लावून बसली होती. कार्ड बरोबर होते, ड्रायव्हरही बरोबर होता. पेन्सिलीच्या टोकाने खिटी सरकवली आणि टेप मागे घेतली.

अण्णांचा स्वर दुसऱ्या ओळीत किंचित घसरला आहे. घशात काहीतरी अडकल्यासारखे होऊन ते क्षणभर थांबतात, मग पुढे म्हणतात. हे मला आठवत नव्हते.

“थोडा मोठा कर आवाज,” आई म्हणाली.